जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाची प्रगती पालकांनी कशी जाणून घ्यावी

सत्राच्या शेवटी प्रगतिपत्रक घ्यायला आलेला पालक आणि वर्गशिक्षक यांच्यात बहुतेक गावांत एकच संवाद होतो. "आमचं पोरगं अभ्यासात कसं आहे?" या प्रश्नाला "चांगलं आहे, घरी थोडं लक्ष द्या," असे उत्तर मिळते, सही होते आणि दोघेही आपापल्या कामाला लागतात. या संवादात कोणी खोटे बोलत नाही. पण मुलाला वाचता किती येते, ते नेमके कुठे अडते आणि पुढच्या दोन महिन्यांत शाळा त्याच्याकडून काय करून घेणार आहे, यांपैकी एकही गोष्ट त्यातून कळत नाही. वास्तविक यातली बरीचशी माहिती शाळेत कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत, चाचणीच्या उत्तरपत्रिकेत किंवा मुलाच्या वहीत असते. ती कुठे असते, कशी मागावी आणि मिळाल्यावर कशी वाचावी, हे पालकाला ठाऊक असले म्हणजे झाले.

माहिती मागणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास दाखवणे, असा संकोच अनेकांना वाटतो, विशेषतः जे पालक स्वतः फार शिकलेले नाहीत त्यांना. तो बाजूला ठेवावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना कळवणे हे एक कर्तव्य स्पष्टपणे नमूद केलेले आहे. म्हणजे पालकाने विचारणे आणि शिक्षकाने सांगणे हा त्या कामाचाच भाग आहे. चांगल्या शिक्षकाला असे पालक हवेच असतात.

आधी वर्गाची रीत समजून घ्यावी

पालकांच्या बऱ्याच तक्रारी मुळात पद्धत न कळल्यामुळे उद्भवतात. पहिली-दुसरीच्या वर्गात गेल्यास फरशीवर रंगवलेले अक्षरांचे आणि संख्यांचे तक्ते, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, शब्दपट्ट्या आणि घोळक्याने बसलेली मुले दिसतात. फळ्यावरचे उतरवून घेणारी ओळीतली मुले क्वचित दिसतात. घरी आल्यावर वही पाहिली तर चार ओळी लिहिलेल्या असतात आणि आजोबा म्हणतात, शाळेत नुसते खेळवतात. मूल हाताने वस्तू हाताळत, बोलत, चुकत स्वतःचे ज्ञान स्वतः उभे करते, या विचाराला शिक्षक ज्ञानरचनावाद म्हणतात. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातील, शाळांनी तो प्रत्यक्षात आणून दाखवल्यावर राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला जाऊ लागले, आणि जून २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हाती घेतल्यानंतर या पद्धतीचा प्रसार गावोगाव झाला. अर्थात सगळीकडे तो सारख्याच समजुतीने झाला नाही. काही शाळांत फरशी रंगली आणि शिकवणे पूर्वीचेच राहिले. म्हणून रंगरंगोटी पाहून खूश किंवा नाराज होण्यापेक्षा, मुले ते साहित्य खरोखर हाताळतात का, आणि शिक्षक मुलाला "तू हे कसं केलंस?" असे विचारतात का, एवढे अर्धा तास वर्गात बसून पाहावे. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारून असे बसता येते.

पालकांना हमखास बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट संख्यावाचनाची आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि घराघरांतून मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण वारंवार सांगितले होते आणि ते साधे आहे: मराठीत आधी एकक ऐकू येतो आणि लिहिताना मात्र दशक आधी येतो, त्यामुळे 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. 'साठ तीन' म्हटल्यावर त्यांना सहा आधी का लिहायचा ते दिसते. मूल घरी दोन्ही प्रकारे संख्या म्हणत असेल तर त्याला दटावू नये. दशक-एकक पक्के झाल्यावर नेहमीचे उच्चार त्याच्या तोंडी बसतात.

दुसरी बाब शिक्षकसंख्येची. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक मिळतात. लहान गावात दोन शिक्षकांकडे चार-पाच इयत्ता असणे हे नित्याचे आहे, आणि एका इयत्तेला गुरुजी शिकवत असताना दुसरी इयत्ता स्वतःचे काम करत असते. हे वाईटच असते असे नाही. तिसरीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला वाचून दाखवणे हा दोघांच्याही शिकण्याचा भाग असतो. मात्र पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे की आपल्या मुलाच्या इयत्तेला दिवसातून किती वेळ प्रत्यक्ष अध्यापन मिळते आणि उरलेल्या वेळात मुले कोणते काम करतात. ज्या शिक्षकाने याचा विचार केलेला आहे तो याचे उत्तर लगेच देतो. घरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा बंजारा बोलली जात असेल तर आणखी एक प्रश्न जोडावा: पहिले काही महिने शिक्षक किंवा वर्गातली मोठी मुले मुलाच्या भाषेतून त्याला समजावतात का? प्रमाण मराठी न समजणे आणि अभ्यास न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतल्या अनेक 'कच्च्या' मुलांची अडचण केवळ भाषेची असते.

घरच्या घरी पातळी कशी पाहावी

शाळेत जाण्यापूर्वी पालकाच्या हातात स्वतःचे निरीक्षण असावे. केंद्र शासनाच्या निपुण भारत अभियानाने (प्रारंभ ५ जुलै २०२१) तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणिती क्रिया याव्यात असे ध्येय २०२६-२७ पर्यंत ठेवले आहे, आणि त्यासाठी इयत्तानिहाय टप्पे दिले आहेत. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे व ९९ पर्यंतच्या संख्या. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे व ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द व ९९९९ पर्यंतच्या संख्या, सोबत सोपा गुणाकार. आता मराठीतला एकेक शब्द प्रत्यय लागून चांगला लांबलचक होतो, तेव्हा घड्याळ लावून मुलाच्या मागे उभे राहण्यात अर्थ नाही. आकडा अंदाजापुरता घ्यावा.

वाचन तपासताना पाठ्यपुस्तक घेऊ नये, कारण त्यातले धडे मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. मूल डोळे वर करूनही पुढची ओळ म्हणू लागले तर ते वाचन नव्हे. गोष्टीचे एखादे पुस्तक, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, काहीही चालेल. ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे: मूल काना-मात्रा सोडून शब्द ओळखते का, जोडाक्षरापाशी थांबते की ते गाळून पुढे जाते, आणि वाचून झाल्यावर त्यात काय लिहिले होते ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकते का. ज्यांना स्वतः वाचता येत नाही अशा आई-वडिलांनाही ही तिसरी गोष्ट तपासता येते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

गणितात उत्तर बरोबर की चूक यापेक्षा चूक कशी झाली ते पाहावे. समजा, ५२ वजा २७ हे उदाहरण दिले आणि मुलाने ३५ लिहिले. त्याने ७ मधून २ वजा केले, कारण २ मधून ७ जात नाहीत एवढे त्याला कळले आणि लहान संख्या मोठीतून वजा करायची हा नियम त्याने स्वतःहून लावला. या मुलाला वजाबाकी येते. त्याला दशक सुटा करून घेणे येत नाही. त्याला आणखी वीस उदाहरणे दिली तर तो वीसही याच रीतीने चुकवील. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यातल्या सत्तावीस मागाव्यात. गठ्ठा सोडल्याशिवाय देता येत नाही हे त्याच्या हातालाच कळते. याउलट ज्याने ७९ लिहिले त्याने बेरीज केली आहे, म्हणजे त्याची अडचण चिन्ह न पाहण्याची किंवा उदाहरण न वाचण्याची आहे. असे पान जपून ठेवावे आणि पालकसभेला जाताना सोबत न्यावे. त्या एका पानावर शिक्षकाशी जे बोलणे होईल ते गुणांच्या बेरजेवर होणार नाही.

प्रगतिपत्रक वाचण्याची रीत

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि त्यात मूल्यमापनाचे दोन भाग पडले. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय इत्यादी साधनांनी केलेले. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचे. या दोन्हींचा भार इयत्तेप्रमाणे बदलतो: पहिली-दुसरीला आकारिक ७० व संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला ४० व ६०. म्हणजेच लहान वयात मुलाची श्रेणी मुख्यतः वर्गातल्या रोजच्या कामावरून ठरते, परीक्षेच्या आठवड्यात रात्री जागवून त्यात फारसा फरक पडत नाही. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाची आकारिक नोंद मात्र होणार कुठून, हा प्रश्न पालकाने स्वतःला विचारावा.

या योजनेत ९१ ते १०० टक्क्यांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, त्याखाली दहा-दहाच्या टप्प्याने ब-१, ब-२, क-१, क-२, मग ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली इ-१ व इ-२ अशा श्रेणी आहेत. ड च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणणे ही शाळेची जबाबदारी धरलेली आहे. तेव्हा इ-१ दिसल्यावर घरी मुलाला मारण्याऐवजी शाळेत जाऊन जादा मार्गदर्शन केव्हापासून आणि कोणत्या वेळी होणार, हे विचारावे.

श्रेणीपेक्षा मोलाच्या असतात त्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. दुर्दैवाने सर्वांत घाईत भरली जाते ती हीच जागा. 'नियमित अभ्यास करते', 'वाचनाचा सराव आवश्यक' अशी वाक्ये चाळीस मुलांच्या पत्रकांवर सारखीच आढळली तर त्यांतून कोणत्याच मुलाविषयी काही कळत नाही. यात शिक्षकाला दोष देत बसण्यापूर्वी त्याच्याकडे किती मुले, किती इयत्ता आणि किती ऑनलाइन माहिती भरण्याची कामे आहेत तेही ध्यानात घ्यावे. पण प्रश्न विचारावाच. 'वाचनाचा सराव आवश्यक' असे असेल तर कशाचा सराव, अक्षरांचा, जोडाक्षरांचा की अर्थ समजण्याचा, असे सौम्यपणे विचारल्यास बहुतेक शिक्षक वही उघडून दाखवतात. त्याच वेळी आकारिक चाचणीचे पेपरही पाहायला मागावेत. २०२३-२४ पासून भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या, ज्यांना शाळेत पॅट म्हणतात, राज्यस्तरावरून येतात. त्यांतली वर्षाच्या आरंभी होणारी पायाभूत चाचणी पालकांच्या विशेष कामाची आहे, कारण मागच्या इयत्तेतले काय राहून गेले आहे ते तिच्यातून जुलै-ऑगस्टमध्येच दिसते आणि हाती पुरेसा वेळ असतो.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी एक बदल लक्षात ठेवावा. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही हा नियम आता या दोन इयत्तांना जसाच्या तसा लागू नाही. तिथे वार्षिक परीक्षा होते आणि त्यात उत्तीर्ण न झाल्यास पुनर्परीक्षा घेतली जाते. चौथीपर्यंत निश्चिंत राहून पाचवीच्या मार्चमध्ये धावपळ करणारी घरे वाढली आहेत.

पालकसभेत आणि एरवी

पालकसभेची वेळ हा वरवर किरकोळ वाटणारा विषय खरा कळीचा आहे. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचा अर्धा रोज गेला. पाच-सहा पालकांनी मिळून सभा सायंकाळी किंवा बाजाराच्या दिवशी घ्यावी अशी विनंती मुख्याध्यापकांना केली तर ती सहसा मान्य होते, कारण उपस्थिती शाळेलाही हवी असते. सभेत सर्वांसमोर एखाद्या मुलाच्या उणिवा काढल्या जाऊ नयेत. स्वतःच्या मुलाविषयीचे बोलणे सभा संपल्यावर, त्याची वही समोर ठेवून करावे आणि त्यात तीन प्रश्न पुरे होतात: आत्ता याला काय येते, पुढे काय यायला हवे, आणि त्यासाठी आम्ही घरी काय करावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'अभ्यास घ्या' असे आले तर कोणता, किती वेळ, हे विचारून घ्यावे. 'रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून घ्या आणि त्यावर दोन प्रश्न विचारा' हे उत्तर निरक्षर घरालाही पाळता येते.

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावे भरतात. तिथे मुलाकडून उड्या, रंग ओळखणे, वस्तू मोजणे, चित्रावर बोलणे अशा कृती करून घेऊन त्याच्या विकासपत्रावर नोंद होते. त्यातूनच वस्तीनिहाय माता पालक गट तयार होतात. आठवड्यातून एकदा ओट्यावर जमून शाळेकडून आलेली कृती मुलांकडून करून घेणारे गट जिथे टिकले आहेत, तिथे शाळेचा निरोप घरापर्यंत पोचायला सभेची वाट पाहावी लागत नाही. व्हॉट्सॲप गट आता बहुतेक शाळांचा असतो, आणि सुट्टी, लसीकरण, गणवेश, सहल यांच्या सूचनांसाठी तो सोयीचा आहे. मुलांचे गुण, गैरहजेरी किंवा तक्रारी त्यावर टाकू नयेत, शिक्षकांनीही नाही आणि पालकांनीही नाही. ज्या घरात स्मार्टफोन नाही त्या घरी निरोप कसा जातो, हेही एकदा विचारावे. उत्तर 'शेजाऱ्यांना सांगतो' असे असेल तर वहीत चिठ्ठी पाठवण्याची पद्धत सुरू करून घ्यावी.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघण्यापूर्वी शाळेत दोन गोष्टी विचाराव्यात. गावातच राहणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होणार आहे का, आणि सोबत न्यायचे असल्यास शिक्षण हमी पत्रक मिळेल का. त्या पत्रकामुळे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते आणि ते कोणत्या पातळीवर आहे हे नव्या गुरुजींना समजते. निघण्याच्या आदल्या रात्री हे होत नाही. पंधरा दिवस आधी सांगावे लागते.

शाळा व्यवस्थापन समिती

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. कागदावर ही समिती शाळेच्या कामावर देखरेख ठेवते, शाळा विकास आराखडा तयार करते आणि अनुदानाचा खर्च पाहते. प्रत्यक्षात अनेक गावांत ती सरपंचाच्या ओट्यावर ठरते आणि सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. हे बदलायचे तर निवडीच्या पालकसभेला हजर राहणे हाच उपाय आहे. सदस्य नसलेल्या पालकानेही मागील बैठकीचे इतिवृत्त आणि आराखडा पाहायला मागावा. शालेय पोषण आहाराची चव पाहून नोंदवहीत लिहिण्याची संधी पालकांना असते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे. एक दिवस मुलांच्या पंगतीला बसल्यास पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात.

उत्तर मिळाले नाही तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, त्यानंतर आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी असा क्रम ठेवावा. थेट वर गेल्यास अर्ज फिरून खालीच येतो. तोंडी बोलून पंधरा दिवसांत काही झाले नाही तर साध्या कागदावर अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. अर्जात मुलाचे नाव, इयत्ता, घटना किंवा अडचण, कोणाशी केव्हा बोलणे झाले आणि नेमके काय हवे आहे एवढेच लिहावे. शिक्षकाच्या स्वभावाविषयीचे मत लिहू नये. कलम ३२ नुसार अशी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मुलाला मारहाण किंवा मानसिक त्रास होत असेल तर मात्र हा पायऱ्यांचा क्रम पाळत बसू नये. कलम १७ ने त्याला सरळ मनाई केली आहे. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी या दोघांनाही एकाच वेळी लेखी कळवावे.